‘पत्त्यांत आलं ते सांगितलं’

टॅरो वाचणाऱ्यांच्या कोणत्याही घोळक्यात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘मी तर फक्त माध्यम, पत्त्यांत आलं ते सांगितलं’ हे एक. ‘शेवटी निर्णय क्लायंटचाच’ हे दुसरं. दोन्ही ऐकायला विनम्र. माझ्या मते मात्र आमच्या व्यवसायात याहून उद्दाम वाक्यं शोधून सापडायची नाहीत. पहिल्याने आपण आपल्या तोंडून गेलेल्या शब्दांची जबाबदारी झटकतो, दुसऱ्याने त्यांच्या परिणामांची. फी मात्र आपलीच असते. ती कुणी माध्यमाच्या नावे वळती केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मी पत्ते वाचते आणि त्याचे पैसे घेते, तेव्हा हे घरातलंच भांडण आहे. बाहेरून दार ठोठावणारेही आहेत. ‘सगळं थोतांड आहे, दुकान बंद करा’ म्हणणारे विवेकवादी. त्यांनाही उत्तर द्यायचं आहे. पण त्यांची बाजू आमच्या मंडळींपेक्षा पुष्कळ भक्कम आहे, म्हणून आधी घरच्यांचं बघू.

पत्त्यांत येतं तरी काय? समजा थ्री ऑफ सोर्ड्स आला, तलवारींची तिर्री. लाल हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी, मागे करडे ढग आणि पाऊस. १९०९ साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने हे चित्र काढलं, त्या कामाचे तिला अगदी किरकोळ पैसे मिळाले, आणि आज आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक डेक तिच्याच चित्रांवर बेतलेले असतात. आता समोर बसलेल्या बाईला रीडर सांगते, ‘तुमच्या मिस्टरांच्या आयुष्यात दुसरं कुणीतरी आहे.’ हे वाक्य त्या चित्रात कुठे आहे? ढगात नाही आणि पावसातही नाही. ते रीडरच्या डोक्यात आहे. बाईचे डोळे सुजलेले आहेत, फोन तिने पालथा ठेवलाय, ‘आमचे हे’ म्हणताना ती अडखळली, आणि रीडरने हे सगळं टिपलंय. टिपण्यात काही वाईट नाही. पण ते अनुमान रीडरचं आहे, चुकलं तर चूकही रीडरची आहे. ते पामेलाबाईंच्या चित्रावर ढकलायचं कारण नाही.

‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ हा आमच्या फ्लेक्सवरचा मजकूरही याच जातीचा. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मले ते खेळण्यासाठी. आपण जसे तीनशे चार किंवा बदाम सात खेळतो, तसे तिथले दरबारी लोक हे खेळत. त्यांत इजिप्तचं गुह्य ज्ञान दडलंय हा शोध लावला पॅरिसच्या कूर द जेबलॅं या विद्वानाने, १७८१ मध्ये. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोलियोंच्या हाती लागली १८२२ साली. म्हणजे ज्या लिपीतलं अक्षरही लागत नव्हतं, तिच्यातलं ज्ञान पत्त्यांत कसं उतरलं हे या गृहस्थांना चाळीस वर्षं आधीच ठाऊक होतं! ही गंमत म्हणून सोडून दिली असती. पण खचलेल्या माणसासमोर ती गंमत राहत नाही. कोथरूडच्या टू बीएचकेत राहणाऱ्या बाईशी क्लायंट वाद घालू शकते, ‘मला नाही तसं वाटत’ म्हणू शकते. हजारो वर्षांशी ती कशी वाद घालणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण क्लायंट स्वतः म्हणतात ना, अगदी बरोबर सांगितलंत म्हणून!’ म्हणतातच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता, आणि तोही बहुतांशी रस्त्यावरच्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ही धडधाकट, तरुण, वर्गात बसलेली मुलं होती. नवरा सोडून गेलेली, आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट पर्समध्ये घेऊन आलेली बाई याहून लवकर मान डोलावणार. तिची मान हलली हा माझ्या विद्येचा पुरावा नव्हे. ती किती थकलीय एवढंच त्यावरून कळतं.

आता ‘निर्णय क्लायंटचाच’. हे वाक्य भिशीत हौसेने पत्ते काढणाऱ्या बायकांच्या बाबतीत खरं आहे. त्या हसतात, फोटो काढतात, घरी जातात. पण आमची कमाई त्यांच्यावर चालत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. ती चालते परत परत येणाऱ्यांवर. पेठेतल्या अभ्यासिकेत पाचव्या अटेम्प्टला बसलेला मुलगा, ज्याच्या बापाने गावी जमीन गहाण टाकलीय. आयव्हीएफच्या तिसऱ्या फेरीतलं जोडपं. आणि ती, जिचा मेसेज रात्री साडेअकराला येतो, ‘मॅडम, परत एकदा काढाल का पत्ते?’ (ही ‘ती’ कुणी एक नाही. दोघी-तिघींची मिळून केलेली आहे.) तिने त्याच आठवड्यात आणखी दोघींकडून रीडिंग घेतलेलं असतं. आमच्याकडे दर प्रश्नागणिक असतात, एक प्रश्न इतके, तीन प्रश्न तितके. तिचा प्रश्न एकच असतो, पण ती तो चार वेळा विकत घेते. तो परत येईल का? त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे? ती दुसरी त्याला सोडेल का? जूनपर्यंत काही हालचाल दिसतेय का? चारदा जीपे होतं. चारदा ‘धन्यवाद, युनिव्हर्स तुमच्या पाठीशी आहे’.

समजा तिला सांगितलं, ‘ऑगस्टपर्यंत तो परत येताना दिसतोय.’ निर्णय तिचाच, नाही का? ती निर्णय घेते. ऑगस्टपर्यंत वाट पाहायची. वकिलाला भेटत नाही, पोटगीचा अर्ज करत नाही, भावाला कळवत नाही, सोडलेली नोकरी परत शोधत नाही. ऑगस्ट उलटला की आम्ही म्हणतो, एनर्जी बदलली. आमच्यावर नेहमी आरोप होतो की आम्ही लोकांना भलत्या वाटेला लावतो. क्वचित लावतही असू. पण रोज घडतं ते वेगळंच. आम्ही माणसाला जागेवरून हलू देत नाही. छातीतल्या गाठीला वाट पाहणं परवडत नाही, सावकाराच्या व्याजालाही नाही. आणि वाट पाहण्याचं नुकसान असं की ते कुणाच्या नावावर मांडता येत नाही. तिला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपलंच नशीब.

मिनिटावर पैसे कापणाऱ्या ॲपची तऱ्हा तर विचारूच नका. तिथे बाईला हुंदका आवरेपर्यंत जो वेळ जातो, त्याचंही बिल होतं. वर उपायांची उतरंड आहेच. पहिल्या तारखेला दारात फुंकायची दालचिनीची पूड, इच्छा लिहून जाळायचं तमालपत्र, पायराइटचं ब्रेसलेट. त्यातल्या त्यात उरलेलं तमालपत्र मसालेभातात तरी जातं. ब्रेसलेटचं काय करायचं?

पण सगळ्यांत विषारी पत्ता मी सांगते. तलवारींची राणी. हातात तलवार, कठोर चेहरा. महाराष्ट्रातल्या रीडिंगमध्ये ही राणी हटकून नणंद होते, नाहीतर जाऊ. ‘जवळच्या नात्यातली एक स्त्री, तिची नजर चांगली नाही, तिने काहीतरी केलंय.’ एवढं वाक्य दोन घरं तोडायला पुरतं. अमुक व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असं भासवणं वा जाहीर करणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत बसतं, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी नाव घेतलं नव्हतं’ म्हणणाऱ्या भगिनींनी एकदा तो कायदा मुळातून वाचावा. नाव घ्यावं लागत नाही. ज्या बाईला चार नणंदा आहेत, तिला पाचवी शोधायला लागत नाही.

आता विवेकवाद्यांकडे. त्यांची पहिली गोष्ट मला बिनशर्त मान्य आहे. पत्त्यांना भविष्य कळत नाही. या बाबतीत महाराष्ट्राला परदेशी दाखल्यांची गरजही नाही. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या साथीने २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० कुंडल्या, निम्म्या अभ्यासात चमकलेल्या मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवल्या. कुठली कुणाची एवढंच सांगायचं होतं. उत्तरं धाडली २७ जणांनी आणि त्यांची सरासरी भरली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास. ही चाचणी कुंडलीची होती, पत्त्यांची नव्हती, अशी पळवाट आमच्यातले काही काढतात. काढू देत. ज्यांना आपले पत्ते याहून सरस वाटतात त्यांनी स्वतः तशी चाचणी द्यावी, मी प्रेक्षकांत बसेन.

मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. ‘म्हणून बंद करा, आणि त्या बाईला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.’ पाठवा, पण कुठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. पुण्या-मुंबईत चांगला समुपदेशक सापडतो, त्याची फी परवडली तर. तालुक्याच्या गावी ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून बोट दाखवतात. सासरी राहणारी बाई ‘मी सायकियाट्रिस्टकडे जाऊन येते’ असं सांगून घराबाहेर पडू शकत नाही. ‘शेजारच्या वहिनींबरोबर पत्ते बघायला जाते’ असं सांगून पडू शकते. सासूही एखादा प्रश्न तिच्याकडे देते. शिवाय २०१३ च्या त्याच कायद्याने ज्योतिषांच्या सल्ल्याला हात लावलेला नाही, तेव्हा कायद्याने हे बंद होईल ही आशा सोडलेली बरी. ती बाई येणारच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की आल्यावर तिला काय मिळतं.

मात्र या युक्तिवादाचा आधार घेऊन आमच्यातले काही लगेच स्वतःला ‘हीलर’ म्हणवून घेतात, तेही तितकंच चूक. दवाखाना लांब आहे म्हणून न्हाव्याने अपेंडिक्स काढावं असं कुणी म्हणत नाही. जवळ असण्याने आमचं ज्ञान वाढत नाही. वाढते ती जबाबदारी, आणि तीही नेमकी. माणूस जिथे जायला हवा तिथे त्याला पोचवण्याची.

मग पत्ते कशाला हवेत? हा विवेकवाद्यांचा सर्वांत चांगला प्रश्न. याचं उत्तर मी एका बैठकीनेच देऊ शकते. पुन्हा, तपशील बदललेले. समोर बसलेली पस्तिशीतली बाई, फुल बाह्यांचा ब्लाऊज, मे महिना. पत्ता निघाला एट ऑफ सोर्ड्स. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती करकचून बांधलेल्या पट्ट्या, भोवती रोवलेल्या आठ तलवारी, पायाशी चिखलपाणी, मागे उंचावर गढी. पुस्तकी अर्थ सांगून मी पाच मिनिटांत मोकळी झाले असते. मी विचारलं, ‘ताई, या बाईचं काय चाललंय असं तुम्हाला वाटतं?’ बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘हिला मारून आणून उभं केलंय.’ माझ्याकडे बघून तिने हे कधीच म्हटलं नसतं, पत्त्याकडे बघून म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण पाय मोकळे आहेत हिचे.’ खरंच मोकळे आहेत, चित्र नीट पाहा. ‘मग कुठे जाईल ही?’ ‘माहेरी नाही जाणार. भावजय ठेवून घेणार नाही.’ थांबली. ‘नाशिकला मावशी आहे हिची.’

तिथून पुढे पत्ते बाजूला झाले. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतो. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. बँकेचं पासबुक आणि मुलांचे दाखले एका पिशवीत काढून ठेवावेत. यातलं एकही वाक्य गूढ नाही. पण ते ऐकण्याच्या जागी ती त्या चित्रामुळे आली. पत्त्यांचं माझ्या लेखी एवढंच काम आहे: दोन माणसांच्या मधे ठेवायला एक चित्र, ज्याच्याविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलता येतं. पत्त्याने काहीही ‘सांगितलं’ नाही. मीही ‘तुमचा नवरा मारतो’ असं सांगितलं नाही, आणि ‘तो सुधारेल’ असंही नाही.

हे एकदा मान्य केलं की कुठे पत्ते काढायचेच नाहीत हे आपोआप ठरतं. आजार, निदान, ऑपरेशन करावं की नाही, यावर एकही पत्ता निघता कामा नये. मृत्यू कधी, यावर नाही. कोर्टाचा निकाल, परीक्षेचा निकाल, नाही. हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे हेही नाही, मग क्लायंटने कितीही गळ घालो. मुलगा की मुलगी हा प्रश्न तर हसण्यावारी नेण्याचाही नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा गर्भाचं लिंग सांगण्याची जाहिरात कुठल्याही मार्गाची असली तरी गुन्हा मानतो, तो मार्ग शास्त्रीय असो की अन्य. ‘प्रेग्नन्सी प्रेडिक्शन’ची रील टाकणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गोपनीयतेचंही तेच. ‘इथे बोललेलं इथेच राहील’ असं आम्ही सरसकट बोलून टाकतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं, तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात डॉक्टर आले, शिक्षक आले आणि टॅरो रीडरही आला. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तेव्हा ते आश्वासन द्यायचंच नाही. आधी सांगायचं की अमुक एका गोष्टीबाबत मी गप्प राहू शकणार नाही.

आणि कुणी म्हणालं की जगणं नको झालंय, तर डेक पेटीत ठेवायचा आणि सरळ विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून लोक बोलत नाहीत. त्यांना सांगावं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यालाही तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून बघायला सांगितलंय. सरकारची टेली मानस सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. नंबर देऊन निरोप द्यायचा नाही, आपल्यासमोर फोन लावून द्यायचा, घरच्या कुणाला तरी बोलावून घ्यायचं, आणि ते येईपर्यंत बसायचं. पुढचा क्लायंट खोळंबला तर खोळंबू दे. त्या बैठकीची फी घ्यायची नाही.

‘आम्ही काय समाजसेवक आहोत का?’ असा सवाल मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला गेला. नाही, आपण दुकानदार आहोत. पण मेडिकलवालासुद्धा चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या देत नाही, निदान देऊ नयेत अशी अपेक्षा असते. आपल्याला तर कुणी चिठ्ठी विचारत नाही, परवाना मागत नाही, इन्स्पेक्टर येत नाही. जिथे बाहेरचा लगाम नाही, तिथे आतला नसेल तर ‘निर्णय क्लायंटचाच’ या वाक्यापलीकडे क्लायंटच्या वाट्याला काही येत नाही.

बुकिंग करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी एक मेसेज पाठवते. पत्त्यांना भविष्य कळत नाही, मी तारखा सांगत नाही. आजारपण, गरोदरपण, कोर्ट आणि हजर नसलेली माणसं यांवर पत्ते काढत नाही. उपाय देत नाही, काही विकत नाही. फी तासाची, प्रश्नाची नाही. त्याच प्रश्नावर, परिस्थितीत काही बदललं नसेल तर, पुन्हा वेळ मिळणार नाही. हा मेसेज वाचून माझ्याच क्षेत्रातल्या एक बाई म्हणाल्या, ‘अहो, अशाने येणार कोण?’ येतात. पूर्वीपेक्षा कमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी दोन-तीनदा येऊन मग येत नाहीत. ज्यांना ऑगस्ट हवा असतो त्या दुसरीकडे जातात, आणि ऑगस्ट देणारे प्रत्येक गल्लीत आहेत.